पाच चौकोन आणि सातवी ब

सातवी ब चं विज्ञान आपल्या हातून जाणार, हे मास्तरांना सोमवारी मधल्या सुट्टीत कळलं, आणि तेही उभ्या उभ्या. मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांना बसा म्हटलंच नाही. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत मास्तरांनी एक गोष्ट ताडली होती. बाई बसा म्हणाल्या की काम वाढतं, आणि नाही म्हणाल्या की काम जातं.

"कमिटीचं ठरलंय, सर," बाई म्हणाल्या. "सातवीचं विज्ञान आता पडद्यावर. एका कंपनीकडे तास तयारच असतात. बटण दाबलं की चाळीस मिनिटं एक गृहस्थ बोलतो. मध्ये थांबत नाही, रजा मागत नाही, खडू मागत नाही."

"आणि मी?"

"तुम्ही लायब्ररी सांभाळा. निवांत आहे."

लायब्ररी निवांत होती यात वादच नव्हता. तिच्या कुलपाची किल्ली तीन वर्षांपासून सापडत नव्हती.

आता मास्तर काही भांडखोर माणूस नव्हे. रांगेत कोणी त्यांच्या पुढे घुसलं तर त्याने माफी मागायच्या आत ते "असू द्या" म्हणून मोकळे होत. पण सातवी ब ची गोष्ट वेगळी होती. सहा महिने खपून त्यांनी त्या चाळीस पोरांना जिथे तिथे 'का' विचारायची खोड लावली होती, आणि आता कुठे ती पोरं खुद्द मास्तरांना अडचणीत आणण्याइतकी तयार झाली होती. घास तोंडाशी यावा आणि कोणी ताट ओढावं, तसं झालं. त्या भरात मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, "आधुनिक शिकवायला पडदाच कशाला हवा? मी क्यूआर कोडांवर तास घेऊन दाखवतो!"

"काय घेऊन?"

"शोधाशोध. शाळाभर कोड चिकटवायचे. मुलांनी ते शोधायचे, फोनने स्कॅन करायचे, प्रश्न उघडतो, त्याचं उत्तर द्यायचं आणि पुढच्या कोडाकडे पळायचं."

ही कल्पना त्यांनी त्याच सकाळी न्हाव्याच्या दुकानात वर्तमानपत्रात वाचली होती. खरं सांगायचं तर अर्धीच वाचली होती, कारण ऐन रंगात आलेली असताना न्हाव्याने मान दुसरीकडे वळवली. पुढच्या साऱ्या रामायणाचं मूळ शोधायचं झालं तर ते त्या न्हाव्यापाशी सापडतं.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "शुक्रवारी कमिटीचे अध्यक्षसाहेब कंपनीच्या कागदावर सही करायला येतायत. सहीच्या आधी तुमचा तास त्यांना दाखवा. पटला, तर सातवी ब तुमची. नाही पटला..."

"लायब्ररी."

"किल्ली शोधायला लावते," बाई म्हणाल्या.

घरी बायको शर्टाचं बटण लावत बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं, दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, "अहो, गेल्या आठवड्यात तुम्ही टीव्हीचा रिमोट घेऊन शाळेत गेला होतात. फोन समजून."

"त्यात माझी चूक नाही. दोघं एकाच मापाचे आहेत."

"आणि तासभर 'रेंज नाही, रेंज नाही' म्हणत होतात म्हणे."

"मुद्दा तो नाही," मास्तर म्हणाले. मुद्दा अंगावर यायला लागला की ते असंच म्हणत.

पण बायकोचं एक होतं. आधी पोटभर टिंगल करायची आणि मग पदर खोचून कामाला लागायचं, हा तिचा क्रम कधी चुकला नाही. तिने भाचीला फोन लावला. भाचीने सांगितलं की काम सोपं आहे, मामा, एक साइट आहे, तिच्यावर प्रश्न टाइप करायचा, बटण दाबायचं, चौकोन तयार. मास्तरांनी एका बोटाने प्रश्न टाइप केला, बटण दाबलं, आणि चौकोन छापून आला. कागदावर कोणी मूठभर मोहरी सांडून हाताने पसरली असावी, इतका तो दाट होता. फोनने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि नाद सोडला.

"मामा, प्रश्न किती मोठा लिहिलाय?" भाचीने फोनवर विचारलं. "मजकूर लांबला की चौकोन दाट होतो."

बायकोने प्रश्न मोठ्याने वाचला. "'बाळांनो, डोळे उघडे ठेवून जगा. आपण रोज त्या टाकीखालून जातो, पण तिच्याकडे मान वर करून कोणी पाहिलंय का? नाही पाहिलं. माणसाचं असंच असतं...' अहो, यात प्रश्न कुठे आहे?"

"येतोय. दुसऱ्या परिच्छेदात."

"'टाकी गच्चीवर का ठेवतात?' एवढंच ना? मग एवढंच लिहा."

"अगं, असा एकदम प्रश्न विचारला तर अंगावर धावून गेल्यासारखं वाटतं. प्रस्तावना लागते."

"तुमच्या प्रस्तावनेत पोरं आठवीत जातील."

असे तिने पाचही प्रश्न छाटले. मास्तर प्रत्येक प्रश्नाच्या आधी 'बाळांनो, डोळे उघडे ठेवून जगा' घुसडायचे आणि ती ते खोडायची. पाचव्या प्रश्नाला मास्तरांनी ते शेवटी घातलं. तिने तिथूनही काढलं.

चौकोन तयार झाले तोवर वरच्या मजल्यावरच्या निवृत्त इंजिनिअरसाहेबांना सुगावा लागला. या गृहस्थांनी उभा जन्म धरणांवर काढला होता आणि आता आसपास एकही धरण नसल्यामुळे ते शेजाऱ्यांना सल्ला देत. जिन्यातला बल्ब बदलायचा असला तरी ते आधी जमीन कशी आहे ते पाहत.

"लॅमिनेट करा," ते कागद हातात घेत म्हणाले.

"पण चाळीस मिनिटांचा तास आहे."

"पाऊस आला तर?"

"या दिवसांत पाऊस नसतो."

"मास्तर, धरण फुटायच्या आदल्या दिवशी लोक हेच म्हणत असतात."

मास्तरांनी कागद प्लास्टिकमध्ये घालून आणले. घरात तालीम झाली. बायकोने पाच कोड पाच ठिकाणी लावले, फ्रिजवर, दारावर, कपाटाच्या आरशावर, कुठे कुठे, आणि मास्तरांचाच फोन घेऊन घरभर पळाली. प्लास्टिकवर दिवा चमकायचा, पण फोन जरा तिरका धरला की प्रश्न टुणकन उघडायचा. पाचातल्या चारांची उत्तरं तिने बरोबर दिली. पाचव्याला म्हणाली, "हे मला येतं, पण तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगत नाही." मास्तरांना वाटलं, आपण जिंकलो.

घरात चालतं ते शाळेत चालतंच असं नाही, हे मास्तर अठ्ठावीस वर्षांत शिकले नव्हते असं नाही. पण माणूस खुशीत असला की शिकलेलं आधी विसरतो.

गुरुवारी पहिली गाठ हेडक्लार्कशी पडली.

"मास्तर, भिंतीवर कागद लावायचाय? शिक्का लागेल," हेडक्लार्क म्हणाले. "शाळेच्या भिंतीवर बिनशिक्क्याचा कागद लावायचा नाही. नियम आहे."

हा नियम उगाच आला नव्हता. दोन वर्षांपूर्वी कोण्या पोराने फाटकावर 'आज शाळेला सुट्टी आहे' असा कागद चिकटवला आणि सबंध शाळा घरी गेली. त्यात हेडक्लार्कही गेले होते. दुपारची झोप काढून उठल्यावर त्यांच्या लक्षात आलं की सुट्टीचा आदेश आपणच काढत असतो आणि आपण तर काढलेला नाही. तेव्हापासून ते शिक्क्याच्या बाबतीत कोणाचंही ऐकत नसत.

"मग मारा शिक्का," मास्तर म्हणाले.

"असं उभ्या उभ्या होत नाही. अर्ज करा, कागद ट्रेमध्ये ठेवा, कुठला कुठे लावायचा त्याची यादी द्या. उद्या सकाळी शिक्का मारून, शिपाईमामांकडून लावून घेतो. तुम्ही अंगाला लावून घेऊ नका. तुमचं काम ते माझं काम."

मास्तरांचा ऊर भरून आला. सरकारी असो की खाजगी, ऑफिसातल्या माणसाने 'तुमचं काम ते माझं काम' म्हटलं की शहाण्याने घाबरायचं असतं. मास्तरांनी आभार मानले.

दुसरी अडचण फोनची. शाळेत मुलांना फोन बंदी. बाईंनी नियमांची वही काढली. वहीत असं होतं की शाळेच्या आवारात मोबाइल फक्त पालकाच्या ताब्यात राहील.

"मग पालकांना बोलवा," बाई म्हणाल्या. "पाच गट, पाच पालक, पाच फोन. नियमही राहतो आणि तासही होतो."

शुक्रवारी सकाळी पाच पालक वेळेच्या अर्धा तास आधी हजर झाले, यावरूनच मास्तरांना काहीतरी वेगळं वाटायला हवं होतं. एक होते वाहतूक पोलिसातून निवृत्त झालेले आजोबा. त्यांचा फोन नाडीने गळ्यात अडकवलेला होता आणि शिट्टी खिशात होती. दुसऱ्या पार्लरवाल्या आत्या. तिसरे टेम्पोवाले बाबा, गडी आडदांड, मनाने उत्साही. उरलेल्या दोन आया होत्या. त्यातली एक आल्यापासून जाईपर्यंत फोनवर बोलतच होती, त्यामुळे तिच्या गटाला फोन असून नव्हता.

"आता फोन गटातल्या मुलांकडे द्या," मास्तर म्हणाले.

पाचांपैकी एकही हात हलला नाही.

"माझी सगळी गिऱ्हाइकं आहेत यात," आत्यांनी फोन छातीशी धरला. "पोरांनी भलतंच दाबलं म्हणजे?"

"फोन पालकाच्या ताब्यात राहील, असं शाळेच्या बोलावण्याच्या पत्रात आहे," आजोबा म्हणाले. "खाली बाईंची सही आहे."

"मी स्कॅन करतो ना, सर," टेम्पोवाले बाबा म्हणाले. "पोरं येतील मागून."

म्हणजे ज्यांची परीक्षा घ्यायची ती पोरं मागे आणि आईबाप पुढे, अशी वरात ठरली. मास्तरांनी तोंड उघडलं, पण तेवढ्यात अध्यक्षसाहेब आले. हे फरशांचे मोठे व्यापारी. सहीचा दिवस म्हणून गडद निळा कोट घालून आले होते. ते शाळेत शिरले की आधी खाली पाहायचे, मग माणसांकडे. त्यांनी व्हरांड्याच्या फरशीकडे बघून मान हलवली, बाईंना नमस्कार केला आणि मास्तरांना म्हणाले, "हं, काय करामत आहे ती दाखवा. अकरा वाजता कंपनीचा माणूस कागद घेऊन येतोय."

मास्तरांनी कालच आखलं होतं तसे पाच गट पाच ठिकाणी पाठवले. गंजलेलं फाटक, व्हरांड्यातली घंटा, गच्चीच्या टाकीखालचा नळ, मैदानातला खांब आणि ऑफिसाबाहेरचा आरसा. "एक, दोन, तीन!" म्हणायचं मास्तरांच्या मनात होतं. एक म्हणताच आजोबांनी शिट्टी फुंकली आणि सगळे सुटले.

मास्तर मैदानाच्या मधोमध, हात मागे बांधून, चेहऱ्यावर 'मी काही केलं नाही, हे आपोआप होतंय' असा भाव आणून उभे राहिले. तो भाव अर्धा मिनिट टिकला.

"सर, उघडत नाही!" फाटकाकडून आवाज आला.

"सर, इथलाही नाही!" आरशाकडून.

"सर!" नळाकडून. "सर!" खांबाकडून. पाचवी दिशा गप्प होती, तेवढीच जमेची बाजू.

मास्तर खांबाकडे धावले. कोड जागेवर होता, सरळ होता, चारी कोपरे नीट चिकटवलेले होते. शिपाईमामांनी जीव ओतला होता. आणि त्या कोडाच्या बरोब्बर मधोमध, बशीएवढी गोल चिठ्ठी डकवलेली होती. तिच्यावर शाळेचा शिक्का, 'मंजूर' हा शब्द, जावक क्रमांक आणि हेडक्लार्कांची सही.

"मास्तर, झालं का तुमचं काम?" मागून हेडक्लार्क कौतुक घ्यायला आलेच. "सकाळी फार घोळ झाला. त्या प्लास्टिकवर शिक्का बसेचना. शाई फिसकटायची. चार चारदा पुसला. शेवटी म्हटलं, चिठ्ठीवर मारू आणि डकवू. चांगला गोंद लावलाय. मरेस्तोवर निघायची नाही."

मास्तरांनी नखाने ओढून पाहिली. हेडक्लार्क खरं बोलत होते.

"पण मधोमध का?"

"मग कुठे? कोपऱ्यात काळ्या चौकटी आहेत. नक्षी बिघडली असती."

मास्तरांच्या डोळ्यांपुढे लायब्ररीचं कुलूप आलं. तरीही एवढ्यावर थांबलं असतं तर निभावलं असतं. पण जी पाचवी दिशा गप्प होती, ती व्हरांड्यातली घंटा, आणि तिथे टेम्पोवाले बाबा होते.

बाबांच्या गटालाही घंटेखालचा कोड उघडला नव्हता. पण बाबा हार मानणारे नव्हते. टेम्पो अर्ध्या रस्त्यात बंद पडला तर धक्का मारत नेणारा माणूस तो. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि घंटेशेजारी टांगलेल्या लाल नळकांड्यावर त्यांना दुसरा एक चौकोन दिसला. छान, स्वच्छ, बिनशिक्क्याचा. हे आग विझवायचं यंत्र होतं आणि तो चौकोन यंत्र बनवणाऱ्यांनी ते कसं वापरायचं हे सांगायला लावला होता. बाबांनी फोन धरला. टुणकन पान उघडलं.

"सापडलं!" बाबा ओरडले आणि मोठ्याने वाचू लागले. "'एक. पिन ओढा.' अरे, प्रॅक्टिकल आहे!"

त्यांनी पिन ओढली.

"'दोन. नळीचं तोंड समोर धरा.'"

समोर अध्यक्षसाहेब उभे होते. बाईंना ते व्हरांड्यात कुठली फरशी बसवायला हवी ते सांगत होते.

"'तीन. दांडा जोरात दाबा.'"

जोर बाबांकडे भरपूर होता.

जो आवाज झाला तो ऐकून फोनवर बोलणाऱ्या आईनेसुद्धा "एक मिनिट हं" म्हटलं. पांढऱ्या भुकटीचा ढग व्हरांड्यातून मैदानात आला, मैदानातून आभाळात गेला. आजोबांनी सवयीने शिट्टी वाजवली आणि दोन्ही बाजूंची वाहतूक थांबवली. ढग बसला तेव्हा जिथे निळा कोट होता तिथे एक पांढरा माणूस उभा होता. त्याचे फक्त डोळे ओळखीचे वाटत होते. शेजारी बाई होत्या, त्याही अर्ध्या पांढऱ्या.

"सर," बाबांनी दुरून विचारलं, "चौथं काहीच लिहिलेलं नाही. आता कुठे पळायचं?"

मास्तर मैदानाच्या पायरीवर बसले. माफीची सुरुवात कुठून करावी? खांबापासून करावी की न्हाव्यापासून? अध्यक्षांनी रुमाल काढला, तोही पांढरा होऊन गेला. "पाणी," ते एवढंच म्हणाले, आणि खोकत खोकत नळाकडे निघाले. मागून बाई, त्यांच्यामागून हेडक्लार्क, आणि सगळ्यांत मागे, स्वतःच्या अंत्ययात्रेला चालल्यासारखे, मास्तर.

नळ इमारतीच्या पलीकडच्या अंगाला होता. कोपऱ्यावर पोचायच्या आतच मास्तरांना एक आवाज आला आणि ते जागच्या जागी उभे राहिले. तो आवाज त्यांचाच होता.

"बाळांनो!" आवाज म्हणाला. "डोळे उघडे ठेवून जगा!"

कोपऱ्यापलीकडे खारूताई उभी होती. ही पहिल्या बाकावरची चिमुकली मुलगी, एका जागी कधी न बसणारी, म्हणून सगळा वर्ग तिला खारूताई म्हणायचा. तिने कोणाचा तरी चष्मा मास्तरांसारखा कपाळावर चढवला होता, हात मागे बांधले होते आणि पोट, जे तिला नव्हतंच, पुढे काढलं होतं. भोवती तिचा गट आणि कोड न उघडल्यामुळे हिंडत आलेले आणखी तीन गट. पार्लरवाल्या आत्याही हसून हसून भिंतीला टेकल्या होत्या.

"आपण रोज या टाकीखालून जातो," खारूताई म्हणाली, "पण मान वर करून कोणी पाहिलंय का? नाही पाहिलं! माणसाचं असंच असतं! आता सांगा, ही टाकी वर का चढवली? खाली ठेवली असती तर शिपाईमामांचे गुडघे वाचले असते!"

"गाडी लावायला जागा राहावी म्हणून," मागून टेम्पोवाले बाबा म्हणाले. तेही आपला गट घेऊन मागोमाग आले होते.

"चूक!" खारूताईने बोट रोखलं. "बसा! म्हणजे उभे राहा! पण चूक!"

"उंचावरून पाणी दाब देतं म्हणून!" पोरं एका सुरात ओरडली. "जितकी टाकी उंच, तितका नळाला जोर!"

मास्तरांनी खाली स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. आपण पोट इतकं पुढे काढतो? इतकं? आणि 'माणसाचं असंच असतं' हे आपण म्हणतो? बायकोने तर परवा खोडलं होतं ते वाक्य, मग हिला कुठून कळलं?

अध्यक्ष नळाशी गेले. पोरांनी हा पांढरा माणूस पाहिला आणि मागे सरून वाट दिली. त्यांनी तोंड धुतलं, दोनदा धुतलं, आणि ओल्या चेहऱ्याने खारूताईला विचारलं, "कोड उघडला का तुमचा?"

"नाही, साहेब. वर शिक्का आहे."

"मग प्रश्न कुठून आला?"

खारूताईने त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू त्यांनी पाणी ओलं का असतं असं विचारलं. "टाकीपाशी उभं राहून सर दुसरं काय विचारणार?"

"आणि फाटकाशी?"

"फाटक गंजलं आणि कडी का नाही गंजली," मागचा एक पोरगा म्हणाला. "आजोबा म्हणाले, देखरेख नाही म्हणून. पण तसं नाही."

"देखरेख नाहीच," आजोबा म्हणाले.

"आरशात डावा हात उजवा का दिसतो. खांबाची सावली दुपारी आखडते का. आणि घंटेला हात लावला की ती गप्प का होते. सगळे झाले, साहेब. पाचही. आम्ही फोन नुसता बरोबर फिरवला."

अध्यक्षांनी बाईंकडे पाहिलं. मग स्वतःच्या कोटाकडे पाहिलं. त्यांच्यातला व्यापारी जागा झाला असावा, कारण माल घासून बघितल्याशिवाय तो माणूस फरशी घेत नसे. कोटावरची चिमूटभर भुकटी त्यांनी पोरांपुढे धरली.

"ही सरांनी शिकवलीय? हिने आग कशी विझते?"

पोरं एकमेकांकडे बघू लागली. हे शिकवलेलं नव्हतं. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. ते मनात म्हणाले, गेलं. एवढं जवळ आलं होतं.

"शिकवलं नाही," खारूताई म्हणाली. तिने कपाळावरचा चष्मा काढला आणि आता तिच्याच आवाजात बोलली. "पण सर असते तर म्हणाले असते, आधी आगीला काय काय लागतं ते सांगा."

"जळायला काहीतरी लागतं," कोणी म्हणालं.

"गरमी लागते."

"हवा! मेणबत्तीवर ग्लास ठेवला तेव्हा विझली नव्हती का?"

"मग ही भुकटी वर बसते... आणि हवा तोडते!" एकदम चार-पाच जण ओरडले. "ग्लाससारखी!"

"म्हणूनच माझा श्वास कोंडला," अध्यक्ष म्हणाले.

"आणखी एक कारण आहे," मास्तरांना राहवलं नाही. कोपऱ्यावरून ते बोलून गेले. "पण ते दहावीत येईल."

चाळीस डोकी वळली. खारूताईने चष्मा पाठीमागे लपवला. मास्तरांनी पोट आत घेतलं आणि मग, आता काय उपयोग, म्हणून सोडून दिलं.

अकरा वाजता कंपनीचा माणूस आला. अध्यक्षांनी सही केली, पण 'सातवी' खोडून त्यावर 'नववी अ' लिहिलं. का, असं त्या माणसाने विचारलं तेव्हा ते म्हणाले, "तुमचा गृहस्थ चाळीस मिनिटं बोलतो ना? तो न बोलता पोरं बोलतील, असं काही करता येतं का?" कंपनीचा माणूस म्हणाला की तशी सोय अजून आलेली नाही. "मग सातवी ब मास्तरांकडेच राहू दे," अध्यक्ष म्हणाले. "फक्त त्यांच्या हाती यापुढे काही चिकटवायला देऊ नका."

नळकांडं पुन्हा भरून घ्यायचा अर्ज, भिंतीवरच्या चिठ्ठ्या काढायचा अर्ज आणि घडल्या प्रकाराचा खुलासा तीन प्रतींत, एवढं लिहून मास्तर घरी निघाले. वाटेत त्यांनी सगळं जुळवून ठेवलं. आधी तोंड पाडून आत जायचं. बायको विचारेल, काय झालं? मग एक उसासा. मग चिठ्ठी, मग भुकटी, आणि अगदी शेवटी, तिचे डोळे भरायच्या बेतात आले की हळूच सांगायचं.

बायकोने दार उघडलं, एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "राहिली ना सातवी ब? तोंड धुऊन या, भुवया पांढऱ्या झाल्यात."

"तुला कोणी फोन केला?"

"फोन कशाला हवा? वाईट झालं असतं तर तुम्ही बेल दोनदा वाजवली असती."

मास्तरांना फार लागलं. सकाळपासून ज्याला त्याला आपण काय बोलणार ते बोलायच्या आधी ठाऊक होतं. वर्गात नाही, मैदानात नाही, निदान घरात तरी माणसाचं काही झाकलेलं असावं की नाही? ते खुर्चीवर बसले आणि फुगून म्हणाले, "म्हणजे आता मी काही सांगायचंच नाही."

"असं कसं? मला कुठे काय माहिती आहे!" ती समोर स्टूल ओढून बसली. "पहिल्यापासून सांगा. काही गाळू नका."

मास्तर जरा वेळ फुगलेले राहिले. मग त्यांनी आजोबांच्या नाडीपासून सुरुवात केली. नाडीवरून शिट्टीवर आले, शिट्टीवरून हेडक्लार्कांच्या गोंदावर. "मधोमध का, विचारलं, तर म्हणतात नक्षी बिघडली असती," एवढं ते म्हणाले आणि तिचा बांध फुटला. ती स्टुलावर वाकली, डोळे पुसायला लागली, एक हात वर करून "थांबा, थांबा, जरा थांबा" म्हणाली.

मास्तर थांबले. अजून टेम्पोवाले बाबा यायचे होते, लाल नळकांडं यायचं होतं, अध्यक्षांचा निळा कोट यायचा होता. ती हसायची थांबत नव्हती. मास्तर तिच्याकडे बघत बसून राहिले. त्यांना कसलीच घाई नव्हती.